डीलिया गिलरेन गुडघे का टेकत नाही

ड्रमकील, लीट्रिम
३ नोव्हेंबर २०१०

डिम्प्ना ताई,

आई कोर्टात जाणार आहे. कोणाविरुद्ध, तर ज्या हॉस्पिटलात तू जन्मलीस त्याच्याविरुद्ध. एवढं वाचलंस तर आता पुढचंही वाच.

बाबांच्या दफनाच्या दिवशी तू जे बोललीस, त्यानंतर या घरातलं तुला काही नको आहे हे मला कळतं. शवपेटी अजून बैठकीत होती, सगळी भावकी चहा पीत होती, आणि तू आईला सुनावलंस, "मांजराचं पिल्लू द्यावं तसं मला मावशीला देऊन टाकलंत." आई रिकामे कप गोळा करत राहिली. तू कॅनडाला परत गेलीस आणि तेव्हापासून गप्प आहेस. माझी नाताळची कार्डं परत येत नाहीत, म्हणजे निदान तुझ्याच कचऱ्यात पडत असावीत. हॅलिफॅक्सचा कचरेवाला आपल्या घराबद्दल आता तुझ्यापेक्षा जास्त जाणत असेल.

आईने मला बजावलंय, डिम्प्नाला काही कळवायचं नाही. म्हणून कळवतेय.

सप्टेंबरात आई अंगणात पडली. कंबर धरून बसली, म्हणून मी तिला स्लायगोला एक्स-रे काढायला नेलं. डॉक्टर अगदी पोरगेलासा. फोटो उजेडात धरून बघत बसला आणि मग म्हणाला, "आजी, तुमचा गाडीचा अपघात कधी झाला होता?"

आई म्हणाली, "आमच्याकडे गाडीच नव्हती रे बाळा. गाढव होतं. ते फार हळू चालायचं."

तो हसला नाही. त्याने आम्हाला फोटो दाखवला. ओटीपोटाखाली पुढच्या बाजूला जिथे दोन हाडं जुळतात, तिथे ती जुळलेलीच नाहीत. मधे फट आहे. तो म्हणाला, मोठ्या अपघाताशिवाय असं होत नाही, किंवा मग कोणीतरी कापलेलं असलं तर.

येताना आई तळ्याच्या वळणावर म्हणाली, "थांबव." खाली उतरली, गाडीचं दार धरून उभी राहिली आणि म्हणाली, "नोरीन, पहिल्या बाळंतपणात सगळ्यांचं असंच करतात असं मला वाटायचं गं."

ताई, तू अडली होतीस. पोट फाडून मूल काढायची रीत तेव्हाही होती. पण दोन-तीनदा पोट फाडलं की पुढे मुलं होऊ देता येत नाहीत, आणि बाईने मुलं थांबवणं हे त्या डॉक्टरांच्या धर्मात बसत नव्हतं. म्हणून बाळाची वाट रुंद करायला त्यांनी आईचा त्या दोन हाडांमधला सांधा कापला, ती जागी असताना. एका नर्सने हात धरले, दुसरीने पाय. विचारलं नाही. नंतर सांगितलंही नाही. घरी जाऊन हळूहळू चाला म्हणाले.

गेली वीस वर्षं मी शाळेची बस चालवतेय. पोरांच्या तोंडून नाही नाही ते ऐकलंय, मला सहसा काही लागत नाही. त्या दिवशी मी बांधावर बसून राहिले, आणि बाहत्तरीला टेकलेली आपली आई माझ्या पाठीवर हात फिरवत होती.

आता ती म्हणते, त्यांनी मला विचारलं नव्हतं, हे भरल्या कोर्टात कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं. तिला तेवढंच हवंय. मी विचारलं, "ताईला कळवू?" तर म्हणाली, "डॉक्टरचं सर्टिफिकेट दाखवून मला लेकीची माया मागायची नाही."

नोरीन


१६ मे २०११

ताई,

यंदा घरची मिस्सा आपल्याकडे होती. तुला आठवत असेल, फादर ती प्रार्थना घेऊन आळीपाळीने प्रत्येक घरी येतात आणि ज्याच्याकडे येतात तो घर रंगवून कंगाल होतो. मी भिंतींना चुना दिला, दारं रंगवली, गोठ्याचंही दार रंगवलं, जसं काही फादर मल्व्ही गाईंच्या पापांची कबुलीच ऐकणार होते. आई म्हणाली, "चुलीमागे कोण बघणारे?" आणि मग स्वतःच चुलीमागे हात घालून पुसून घेतलं.

सगळी वस्ती स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभी होती. टेबलावर पांढरी चादर, मेणबत्त्या, फादर. भाकर उचलायची वेळ आली तसे सगळे फरशीवर गुडघे टेकून खाली गेले, म्हातारेकोतारेसुद्धा कुंथत कुंथत. आई तेवढी कपाटाला धरून उभी. नेहमीसारखी.

तू मावशीकडून या घरात परत आलीस तेव्हा सात वर्षांची होतीस, म्हणून तुला ते गर्वाचंच वाटलं असणार. आम्हालाही तेच वाटायचं. मागचे फादर तर एकदा वेदीवरून बोलले होते, काही बायकांना देवापुढेही वाकणं जमत नाही म्हणून. आणि वस्तीतली पोरं तिच्या मागून बदकासारखी चालायची, ते तू पाहिलंयस. आईने कधी चकार शब्द काढला नाही. दुखलं की ती ते दुखणं शुद्धिस्थानात, स्वर्गाच्या दाराबाहेर, अडकलेल्या आत्म्यांच्या सुटकेसाठी देवाला अर्पण करायची, तिला तसंच शिकवलं होतं. तिच्या दुखण्यावर तिथली निम्मी जनता सुटली असेल.

मिस्सा झाली, न्याहारी सुरू झाली. फ्रान्सीकाका अंड्यावर मीठ टाकत म्हणाला, "डीलियावहिनी, पोप स्वतः आला असता तरी तू काही खाली बसली नसतीस. राणीच्या घराण्यातली ना तू." चारजण हसले. दरवेळी हसतात तसे.

आईच्या हातात चहाची किटली होती. ती त्याच्या कपात चहा ओतत म्हणाली, "फ्रान्सी, मी गुडघे टेकले तर मला उठता येत नाही. डिम्प्नाच्या वेळी हॉस्पिटलात माझं हाड कापलंय. खालचं, पुढचं. मला न विचारता. दूध घालू?"

पुरुषांनी सगळ्यांनी छताकडे पाहिलं. छत मीच रंगवलं होतं, बरं निघालंय. फादर मल्व्ही खाकरले. "डीलिया, हे बोलायची ही जागा…"

"हीच जागा फादर," आई म्हणाली. "हे माझं स्वयंपाकघर आहे."

मग तिने सगळं सांगितलं. किटली खाली न ठेवता. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मी तिच्या शेजारी टोस्टची ताटली घेऊन उभी होते आणि मला वाटत होतं, या बाईच्या पोटी मी जन्माला आले हे मी कोणाकोणाला सांगू.

ती बोलायची थांबली तशी कोपऱ्यात टीझीकाकूंनी कप बशीत ठेवला. टीझी मॅगुर्टी, रोज दोन माळा जपणारी, जिच्या तोंडी शरीराच्या मानेखालच्या कुठल्याही भागाचं नाव कधी आलं नाही. त्या म्हणाल्या, "माझंही कापलंय. त्याच वॉर्डात. तुझ्याआधी. मला वाटलं, मीच कुठेतरी कमी पडले."

त्यांचा नवरा शेजारी बसला होता. त्यालाही ते आजच कळत होतं.

आई किटली ठेवून त्यांच्याकडे गेली. दोघी एकमेकींना धरून तशाच उभ्या राहिल्या, दोघीही डुगडुगत्या. मग वस्तीतल्या बायका उठल्या आणि पुरुषांना हाताला धरून अंगणात नेऊन सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रान्सीकाकाने ट्रॅक्टरभर पीटचं जळण आणून गोठ्याशी रचून दिलं. दार वाजवलं नाही, माफी मागितली नाही. त्याने ते इतकं नीट रचलं होतं की मला त्याच्यावर रागावताही येईना.

एक गोष्ट अजून. तू मावशीकडे का गेलीस, हे आईने त्या दिवशी सांगितलं नाही. टीझीकाकूंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "ते माझ्या लेकीचं आहे. तिच्या आधी तुम्हाला कशाला?"

नोरीन


९ डिसेंबर २०११

ताई,

मी चिडलेय, तेव्हा अक्षर असंच येणार.

आपली वकील मिस कॉनलन. नाकावर चष्मा, वयाने माझ्याहून लहान, बोलायला मात्र तलवार. तिने काल आम्हाला डब्लिनला बोलावलं होतं. हॉस्पिटलवाल्यांनी तडजोड मांडलीय. पैसे देतो म्हणतात, चांगले देतो म्हणतात. टीझीकाकू साक्षीला उभ्या राहणार म्हटल्यावर त्यांना आमची एकदम काळजी वाटायला लागली.

मी खूश झाले, खोटं कशाला सांगू. छप्पर गळतंय. आईला वरच्या मजल्यावर चढवत नाही, ती तीन वर्षं बैठकीत झोपते. मी म्हटलं, "घे आई. झालं की मग."

मिस कॉनलन म्हणाली, "दोन अटी आहेत. त्यांची चूक झाली असं ते म्हणणार नाहीत. आणि तुम्ही याबद्दल यापुढे कोणाशीही बोलायचं नाही."

"कोणाशीही म्हणजे?" आईने विचारलं.

"कोणाशीही."

"माझ्या मोठ्या मुलीशी?"

मिस कॉनलनने कागद पुन्हा वाचला. तिने मुळीच घाई केली नाही, हे मला तिचं आवडलं. मग म्हणाली, "नाही, मिसेस गिलरेन. तिच्याशीही नाही."

आईने कोटाची बटणं लावायला घेतली. खालून वर, एकेक. "मग त्यांना सांग, नको म्हणाली."

परत येताना बसमध्ये मी तिच्याशी भांडले. म्हटलं, "जी बाई तुला फोन करत नाही, तिच्याशी बोलायचा हक्क राखून ठेवायला तू छप्पर सोडलंस?" आई सीटची पाठ धरून उभी होती, तिला एवढा वेळ बसवत नाही. म्हणाली, "हो." मुलिंगरपर्यंत मी तोंड फुगवून बसले. मुलिंगरला तिने मला पर्समधून पेपरमिंट काढून दिलं, आणि मी ते घेतलं.

आता तरी तुझ्या लक्षात येतंय का, ताई? मी तुझ्यावर ओरडतेय ते शेवटचं. पुढच्या पत्रात ओरडणार नाही.

नोरीन


२ मार्च २०१२

ताई,

आईची साक्ष झाली.

जजसाहेब म्हणाले, "मिसेस गिलरेन, आपण बसून बोला." आई म्हणाली, "बसणं हेच तर अवघड आहे साहेब, उभीच राहते." लिहून घेणाऱ्या मुलीने खाली मान घालून हसू लपवलं.

त्यांचा वकील मोठा गोड माणूस. केसांचा टोप, मऊ आवाज, लोण्यात बुडवलेली सुरी. म्हणाला, "या शस्त्रक्रियेनंतर तुम्हाला आणखी तीन मुलं झाली. खरं ना?"

"झाली."

"तुम्ही गाईंच्या धारा काढल्या, पीट कापलं, घर चालवलं."

"न चालवून कोणाला सांगते?"

"म्हणजे शस्त्रक्रियेचा हेतू सफल झाला, असं म्हणता येईल."

"कोणाचा हेतू?" आईने विचारलं.

त्याने पुढचा कागद उलटला. मग म्हणाला, "इतक्या वर्षांत तुम्ही कोणाकडेही तक्रार केली नाहीत."

"कोणाकडे करायची होती? फादरकडे गेले असते तर ते म्हणाले असते, अर्पण कर. डॉक्टरकडे गेले असते, तर कापलं त्यानेच. नवऱ्याला सांगायला मला त्या जागेसाठी शब्द ठाऊक नव्हता. परवापर्यंत नव्हता. इथे येताना या मुलीने शिकवला."

तिने मिस कॉनलनकडे बोट केलं. मिस कॉनलन आपल्या बुटांकडे बघत होती.

मग तो वकील म्हणाला, आणि हे त्याने विचारायला नको होतं, "तर मग मिसेस गिलरेन, तुमचं नेमकं काय गेलं?"

आई कठड्याला धरून होती. पुढचं मी तिच्याच शब्दांत लिहितेय, एकही बदललेला नाही.

"माझी पोर गेली. मेली नाही, जिवंत आहे. घरी आणली तेव्हा मला चालता येत नव्हतं, कुशीवर वळताही येत नव्हतं. पाळणा चुलीपाशी होता, मी समोरच्या भिंतीशी. ती रडायची आणि मी ऐकायची. सासूबाई शेतातून येईपर्यंत ती रडत राहायची. एकदा मी खाली पडून सरपटत जाऊन बघितलं. निम्म्यात राहिले. दोघी रडत होतो, ती पाळण्यात आणि मी फरशीवर. मग माझी बहीण फिलोमिना तिला न्यायला आली. जाताना तिने पोर माझ्याशेजारी आणून ठेवली, निरोप घे म्हणाली. मी भिंतीकडे तोंड केलं. बघितलं असतं तर सोडली नसती, आणि ठेवली असती तर माझ्याकडे उपाशी राहिली असती. ती परत आली तोवर आई म्हणायची सवय तिला होऊन चुकली होती, फक्त ती दुसऱ्या कोणाला म्हणत होती. वकीलसाहेब, तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं."

त्याने कागद गोळा केले आणि तो खाली बसला. दुपारी टीझीकाकू उभ्या राहिल्या, जपमाळ मुठीत, आणि त्यांना त्या वॉर्डाबद्दल जे जे म्हणायचं होतं ते म्हणून मोकळ्या झाल्या. त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात आई म्हणाली, "तू तिला पत्रं लिहितेस ना?"

मी म्हटलं, "कोण म्हणालं?"

"पोस्टातली मॉरा. कॅनडाच्या तिकिटांना किती लागतात ते ती मला दरवेळी सांगते." मग रुमालाने हात पुसत म्हणाली, "हेही लिही. पण लोणी लावू नकोस."

नाही लावलेलं.

नोरीन


२० जुलै २०१२

ताई,

निकाल लागला. आपण हरलो.

जजसाहेबांनी दोन भागांत वाचला. पहिल्या भागात म्हणाले, डीलिया गिलरेन यांच्यावर जी शस्त्रक्रिया झाली तिची गरज नव्हती. त्यांना विचारलं गेलं नाही, सांगितलं गेलं नाही. त्यांची साक्ष हे न्यायालय पूर्णपणे खरी मानतं. दुसऱ्या भागात म्हणाले की दाव्याची मुदत केव्हाच उलटून गेली आहे, म्हणून दावा फेटाळण्यात येत आहे.

मी उठून काहीतरी बोलणार होते, मिस कॉनलनने माझी बाही धरून खाली बसवलं. आई म्हणाली, "पहिला भाग त्याने मोठ्याने वाचला ना?"

"वाचला."

"सगळ्यांना ऐकू गेला?"

"गेला. पण आई, आपण हरलो."

"ते दुसऱ्या भागात." तिने काठी घेतली आणि मिस कॉनलनकडे वळली. "त्या दुसऱ्या भागाचं काय करता येईल?"

"अपील," मिस कॉनलन म्हणाली. "वर्ष लागेल, कदाचित जास्त. खर्च अंगावर येऊ शकतो."

"मी काय मुदत पाहून जगतेय का? कुठे सही करायची?"

तिने व्हरांड्यातच खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून सही केली. टीझीकाकू म्हणाल्या, "मलाही एक कागद द्या." त्यांच्या नवऱ्याने खिशातून पेन काढून त्यांच्या हातात दिलं. बाहेर पायऱ्यांवर वर्तमानपत्रवाल्यांनी विचारलं, आता तुम्हाला कसं वाटतंय, तर आई म्हणाली, "भूक लागलीय."

मी आयुष्यभर या बाईच्या घरात राहिले, ताई, आणि मला वाटायचं की ती सोसणारी आहे. सोसणारी ती होतीच, पण त्याखाली ही बाई उभी होती, आणि आम्ही कोणी तिला कधी पाहिलंच नव्हतं. सगळी वस्ती आता तिला डीलियाबाई म्हणते. फ्रान्सीकाकासुद्धा.

नोरीन


११ सप्टेंबर २०१२

ताई,

तू कमाल आहेस. मी तुला दोन वर्षं पत्रं लिहितेय आणि तू उत्तर लिहिलंस ते वकिलाला.

मिस कॉनलन काल स्वतः गाडी चालवत आली. तिने तुझं पत्र स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. "पाळण्यातलं मूल मी आहे. अपिलात मला साक्ष द्यायची आहे." वाचून झाल्यावर ती म्हणाली, "मी त्यांना कळवलं की अपिलात साक्षी होत नाहीत, फक्त वकील बोलतात. तर त्यांचं उलट उत्तर आलं: मग मी नुसती बसेन, पण येणार."

आईने ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. मी म्हटलं, ही खरंच तुझीच लेक आहे, घरच्यांशी बोलणार नाही, पण कोर्टात येऊन बसेल. आई हसली, आणि हसता हसता तिने पदरासारखा एप्रन तोंडाला लावला आणि ढसाढसा रडली. मी तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. बाबांच्या वेळीही नाही. मिस कॉनलनने उठून स्वतःच चहा टाकला.

आई म्हणते, तू येशील त्या दिवशी शॅननच्या विमानतळावर तुला घ्यायला ती स्वतः येणार. मी म्हटलं, इतका वेळ गाडीत बसून तुला सोसणार नाही, मी घेऊन येते. तिने मला असं पाहिलं की मी तिच्या सीटवर ठेवायला उशी काढून ठेवली. तेव्हा आम्ही दोघी येतोय, वाटेत थांबत थांबत.

तू बाहेर आलीस की आई कठड्यापाशी दिसेल, निळ्या कोटात. तुला पाहून ती धावत पुढे येणार नाही. तिला येत नाही. तेवढं अंतर तू ये.

नोरीन